जाब, जबाब आणि जवाबदेही

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आलाय, सुदामानगरच्या. त्यांच्या मंडळाला एका हिंदी निवेदनाचं मराठी करायचंय. मागणी अशी की सरकारी अधिकाऱ्याने संविधान मोडलं तर त्याची झाडाझडती घेणं विधायक-सांसदांवर (म्हणजे आमदार-खासदारांवर) कायद्यानेच बंधनकारक असावं, मर्जीवर नको. मसुद्यातलं वाक्य आहे, 'अधिकाऱ्यांना जवाबदेही बनवणे'. आता ताई विचारतात, जवाबदेही ठेवू, जबाबदारी करू की उत्तरदायित्व?

आधी ते 'जवाबदेही बनवणे' खोडा हो ताई! माणूस जवाबदेह असतो, जवाबदेही हे भाववाचक नाम. कोणाला 'प्रामाणिकपणा बनवा' म्हणतो का आपण? पण रामबागेपासून राजवाड्यापर्यंत जो उठतो तो कोणाला तरी जवाबदेही बनवतोय, आणि ही चूक हिंदीचीसुद्धा नाही, ही आपली घरची, कान किटले ऐकून.

जबाबदारी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मजा शेपटात आहे. जबाबदार मधला 'दार' फारसी, धरणारा, बाळगणारा, जसा दुकानदार, जहागीरदार. जवाबदेह मधला 'देह' पण फारसीच (आपला संस्कृत देह नव्हे), त्याचा अर्थ देणारा. म्हणजे जबाबदाराकडे जबाब असतो, जवाबदेह तो देतो. खिशात असणं वेगळं आणि टेबलावर काढून ठेवणं वेगळं, साहेब लोकांच्या बाबतीत तर फारच वेगळं. पुण्याकडच्या मंडळींना आपल्या तोंडून जवाबदेही ऐकलं की 'हिंदी झालं तुमचं मराठी' असं म्हणायची हौस असते, त्यांना हा फरक विचारून बघा. इथे इंदूरकरांचा शब्द सरस आहे.

उत्तरदायित्व शुद्ध आहे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की उत्तर आणि दायी म्हणजे जवाब आणि देहच, फक्त सोवळं नेसवलंय. हिंदी संविधानात मंत्रिपरिषद लोकसभेला 'उत्तरदायी' आहे, मराठीत 'जबाबदार' आहे, कलम तेच, 75 चं तिसरं पोटकलम.

पण खरा रत्नासारखा शब्द या तिन्हीत नाहीच, तो आहे जाब. मूळ अरबी जवाब, आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे कापून आरपार जाणं, कोरणं. कुराणात समूद लोकांनी खोऱ्यात खडक कोरले असं येतं, तिथे क्रियापद ह्याच धातूचं आहे! म्हणजे जाब विचारणं हे मुळात खडक फोडायचं काम, मंत्रालयात कधी अर्ज घेऊन गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सवालाची गंमत त्याहून न्यारी. सवाल आणि मसला एकाच धातूचे (मसलत मात्र त्यातली नाही, तिचं घराणं वेगळं), आणि त्याच धातूवरून अरबीत जबाबदार माणसाला 'मसऊल' म्हणतात, म्हणजे ज्याला विचारलं जातं तो. आपण उत्तरावरून शब्द केला, त्यांनी प्रश्नावरून. पेशवाईतल्या पत्रांत जाबसाल येतो तोही हाच, जवाब-सवाल, त्यातला साल म्हणजे वर्ष नव्हे.

एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी मला ठासून सांगितलं की जाब हा 'जाबता'चाच (म्हणजे नियम, बंदोबस्त) तुकडा. अजिबात नाही! जाबता वेगळ्या अरबी धातूचा, घट्ट धरून ठेवणं असा अर्थ, म्हणून त्याचा सख्खा भाऊ कोण तर जप्त. जाबता आणि जप्ती भावंडं, जाब शेजारी. मात्र माझं स्वतःचं एक मत आहे, पटो न पटो. मराठीत लांब जबाब पोलीस ठाण्यात गेला, तिथे तो नोंदवतात, आणि आखूड जाब रागात राहिला, जाब नेहमी विचारतातच, तो कोणी सहज गप्पांत विचारत नाही. हा करडेपणा त्याला कुठून आला? मला वाटतं शेजारच्या जाबत्याकडून, तो शब्द कानावर होताच. राज्याभिषेकानंतर, 1674 मध्ये, कोणत्या प्रधानाने काय करावं हे लिहून दिलं त्या कागदाला कानूजाबता म्हणतात. गंमत बघा, महाराजांनीच फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करवला आणि प्रधानांना बांधणारा हा कागद मात्र कानूजाबताच राहिला. सोवळेवाल्यांनी याचंही उत्तर द्यावं.

हां, तर ताईंचं निवेदन. एक गोष्ट मसुदा लिहिणाऱ्यांना सांगा की सभागृहात अधिकारी उत्तर देतच नाही, मंत्री देतो, अधिकाऱ्याला समोर बसवून विचारायची जागा म्हणजे समित्या, लोकलेखा समितीसारख्या. आणि आमदार-खासदार शपथ घेतात ती संविधानाबद्दल श्रद्धा आणि निष्ठेची, त्यात जाब विचारीन असं कुठे नाही. न विचारता गप्प बसायला पूर्ण मोकळीक. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामींना हटवायचा प्रस्ताव लोकसभेत आला (त्याला सगळे महाभियोग म्हणतात, संविधानात तो शब्द राष्ट्रपतींसाठी आहे, पण ते भांडण नंतर), तेव्हा 196 जणांनी बाजूने मत दिलं, विरोधात एकही नाही, आणि तरी प्रस्ताव पडला, कारण 205 जण मतदानच न करता बसून राहिले. निवेदनाचा रोख त्या बसून राहणाऱ्यांवर आहे ना? मग वाक्याचा कर्ता बदला, अधिकारी नको, आमदार घ्या. तिथे 'विधायक' काढायचाही हट्ट नाही माझा, भोपाळला पाठवायचंय ते.

असं लिहा: 'संविधानाचा भंग करणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारणे हे प्रत्येक आमदार-खासदाराचे कायदेशीर कर्तव्य असावे आणि ते टाळल्यास तो स्वतः जवाबदेह ठरावा.' कोणी जवाबदेहवर काट मारली तर माझ्याकडे पाठवा त्यांना.