एमटेकला रोड सेफ्टी घेऊ, पऱ्हाटीचा पार्टिकल बोर्ड करू की दोन्ही एकत्र?

तुम्ही लिहिलंय की एमटेकचं दुसरं वर्ष सुरू होतंय, गाव यवतमाळमधल्या वणीकडचं, घरी कापूस आहे, गाइड सर म्हणतात रोड सेफ्टी घ्या, तुम्हाला मात्र पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या काड्यांपासून, पार्टिकल बोर्ड (चुरा गोंदाने दाबून केलेली फळी) करायचाय, आणि एका मित्रानं सुचवलंय की दोन्ही एकत्र करून पऱ्हाटीच्या बोर्डाचं क्रॅश बॅरियरच, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून लावतात तो कठडाच बनव. मी स्वतः एमटेकला बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बोर्डवर काम केलंय आणि आता सिव्हिलच्या पोरांना ट्रान्सपोर्टेशन शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी मित्राची आयडिया. ती सोडून द्या. मला माहितीये ती कुठून आली, तुमच्याच भागात वणी-वरोरा रस्त्यावर 2023 मध्ये 200 मीटर लांबीचं बांबूचं क्रॅश बॅरियर लागलं, 'बाहुबल्ली' नावाचं, ते बघून कुणालाही वाटेल की बांबूचं होतं तर पऱ्हाटीचं का नाही. पण त्या बॅरियरच्या मागे काय काय आहे ते बघा ना. बाल्कोआ जातीचा जाड बांबू, तो कुजू नये म्हणून क्रिओसोट तेलाची ट्रीटमेंट, वरून रिसायकल केलेल्या एचडीपीई प्लास्टिकचं कोटिंग, मग पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात टेस्टिंग, आगीची टेस्ट रुरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेत. शिवाय बांबूत लांब धागा अख्खाच्या अख्खा राहतो. पार्टिकल बोर्डात आपण काडीचे तुकडे करतो आणि गोंदाने चिकटवतो, म्हणजे ताण आला की सगळी भिस्त गोंदावर. आणि स्वस्तातला गोंद म्हणजे युरिया फॉर्मल्डिहाइड, तो पावसात टिकत नाही, एका पावसाळ्यात बोर्ड फुगून कडा सुटायला लागतात. त्यात बॅरियरचं काम नुसतं आडवं उभं राहायचं नसतं, त्याने वाकून गाडीची ऊर्जा खायची असते आणि गाडीला परत रस्त्याच्या दिशेने वळवायचं असतं. दीड टनाची कार 60 च्या स्पीडला सुमारे 208 किलोजूल घेऊन येते, 100 ला तीच 579, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. कॉलेजच्या मशीनवर हातभर पट्टी वाकवून या आकड्यांबद्दल काहीही बोलता येत नाही, आणि जिथे माणूस मरू शकतो तिथे अंदाजाने बोलूही नये.

आता पऱ्हाटी. विषय चांगलाच आहे, मनापासून सांगतो. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर रचतात किंवा पेटवून देतात, आणि बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत, राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसून राहते आणि पुढच्या हंगामात परत शेतात येते. म्हणजे पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली, तिचे तुकडे झाले, तर बोर्ड नंतरचा, आधी शेतकऱ्याचाच फायदा आहे. पण 'पऱ्हाटीपासून बोर्ड होतो का' हा प्रश्न आता प्रोजेक्टचा राहिलेला नाही, माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि त्यांच्या नागपूरच्या जिनिंग ट्रेनिंग सेंटरने यावर आधीच भरपूर काम केलंय, होतो हे दाखवलंय. तुम्ही परत तेच दाखवलं तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत विचारणार की यात नवीन काय. नवीन काय असू शकतं ते सांगतो: चार-सहा महिने उघड्यावर पडलेल्या पऱ्हाटीचा बोर्ड ताज्याच्या तुलनेत किती कमी पडतो. कारखान्याला वर्षभर माल लागतो आणि पऱ्हाटी मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर एकदमच निघते, वर ती इतकी पोकळ आणि विस्कळीत की ट्रॉली भरलेली दिसते पण वजन काहीच नसतं, म्हणून साठवण आणि शेतातच तुकडे करणं हा खरा अडलेला भाग आहे. किंवा साल काढून आणि सालीसकट असे दोन बोर्ड, पाण्यात किती फुगतात ते. असा एकच लहान प्रश्न घ्या.

आणि बोर्ड करायचाच असेल तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की बसवा, वजन. बऱ्याच थिसिसमध्ये मी बघतो, पोरं दहा टक्के गोंद आणि बारा टक्के गोंद यांची तुलना करतात आणि दोन्ही बोर्डांची घनताच वेगळी असते, मग ताकद गोंदामुळे वाढली की माल जास्त दाबला म्हणून वाढली ते कळायला मार्गच नाही. 300 बाय 300 चा साचा, जाडी 12 मिमी, घनता 700 किलो प्रति घनमीटर धरली तर तयार बोर्डाचं वजन 756 ग्रॅम यायला पाहिजे. म्हणजे साधारण 690 ग्रॅम कोरडा चुरा आणि त्याच्या दहा टक्के, 69 ग्रॅम गोंद, पण हा 69 म्हणजे गोंदातला घन भाग. गोंद येतो पातळ, त्यात निम्मं पाणी असेल तर तुम्हाला 138 ग्रॅम ओतावं लागेल आणि त्यातून 69 ग्रॅम पाणी फुकटात आत गेलं. म्हणून चुरा गोंद लावायच्या आधी ओव्हनमध्ये तीनेक टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायचा, मग सगळं मिळून गादीत, म्हणजे साच्यात पसरलेल्या थरात, बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो आणि तेवढा चालतो. हे कुणी केलं नाही की काय होतं, प्रेस 160 डिग्रीला बंद असताना आत वाफ कोंडते, दिसत काहीच नाही, आणि प्रेस उघडला रे उघडला की फट् आवाज येऊन बोर्ड पुरीसारखा मधोमध फुगून दोन पदर सुटतात. यावर उपाय म्हणून लोक दाब वाढवतात, त्याने काही होत नाही, ओलावा कमी करा आणि प्रेस उघडताना दाब हळूहळू सोडा, वाफेला बाहेर पडायला वेळ द्या. अजून एक, या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलंय, त्यामुळे प्रेसवर एक्झॉस्ट नसेल तर त्या खोलीत काम करूच नका, गाइड म्हणाले तरी नका. गव्हाचं काड किंवा तणस घ्यायचा मोह झाला तर तोही टाळा, त्यावर मेणाचा थर असतो, तणसात सिलिका भरपूर, युरियाचा गोंद धरत नाही आणि जो धरतो तो महाग पडतो.

या सगळ्याला तापणाऱ्या प्लेटांचा हायड्रॉलिक प्रेस लागतो. काँक्रीटचे क्यूब फोडायचं मशीन म्हणजे प्रेस नाही.

आता रस्ता, आणि मला विचाराल तर मी रस्ताच घेईन. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली, त्यात महाराष्ट्रातली 15 हजारांवर, आणि देशभरात मेलेल्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे. वणीकडे कोळशाचे ट्रक आणि शाळेत जाणाऱ्या सायकली एकाच डांबरावर चालतात, तुम्ही ते रोज बघता. एफआयआरमध्ये लिहिलं जातं की ड्रायव्हरची चूक, भरधाव वेग. ते खरंही असतं, पण इंजिनिअरने पुढचा प्रश्न विचारायचा असतो की सगळे ड्रायव्हर त्याच जागी का चुकतात. पुण्यातला नवले पूल घ्या, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून लांबच लांब उतार, 20 नोव्हेंबर 2022 ला एका उतरत्या अवजड गाडीने 48 गाड्यांना ठोकर दिली. अशा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक लागेनासे होतात. नुसतं 'सावकाश चला' लिहून हे थांबत नाही. याउलट मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2016 मध्ये 151 मृत्यू होते, तिथे झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर (एकही मृत्यू नको असा रस्ता) म्हणून जागा शोधून शोधून बॅरियर, खुणा, थांबलेल्या ट्रकांचा बंदोबस्त असं काम झालं आणि 2019 पर्यंत आकडा 92 वर आला.

पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये मृत्यू मोजू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ब्लॅकस्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, व्याख्या आहे, नॅशनल हायवेचा 500 मीटरचा तुकडा आणि तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात, किंवा दहा मृत्यू. एका जागेचे आकडे इतके लहान की वर्षावर्षाला आपोआपच वरखाली होतात. एखाद्या ठिकाणी एका वर्षी सहा झाले, ओरड झाली, रंबल पट्ट्या (गाडी खडखडवणाऱ्या आडव्या पट्ट्या) मारल्या, पुढच्या वर्षी दोन झाले, सगळे म्हणाले पट्ट्यांनी काम केलं. कदाचित काहीच न करता पण दोनच झाले असते, कारण निवड वाईट वर्षावरून झाली होती. म्हणून स्पीड मोजा. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांच्या आसपास वाढतो, हे जगभर मान्य झालेलं नातं आहे, आणि स्पीड एका सकाळीत शेकडो गाड्यांचा मिळतो.

कसा मोजायचा, रडार गन नसेल तर मोबाइल पुरे. रस्त्याच्या कडेला टेपने 30 मीटर मोजून दोन खुणा करा, मोबाइल लांब, उंचावर, गाड्यांना दिसणार नाही असा ठेवा, कारण कॅमेरा दिसला की ड्रायव्हर ब्रेक मारतो आणि डेटा गेला. 60 च्या स्पीडला 30 मीटरला 1.8 सेकंद लागतात, 30 फ्रेमच्या व्हिडिओत त्या 54 फ्रेम झाल्या, एका फ्रेमची चूक म्हणजे साधारण एक किमी प्रतितास. तेच हातात स्टॉपवॉच घेऊन केलं तर बोट दाबायला इकडे तिकडे 0.2 सेकंद जातात, म्हणजे सहा-सात किमीची चूक, जेवढा फरक शोधायचाय तेवढीच! दुचाकी, कार, ट्रक वेगळे नोंदवा आणि सरासरीबरोबर 85 टक्के गाड्या ज्याच्या खाली आहेत तो वेगही काढा. आणि जिथे काहीही बदल होणार नाही अशी एक सारखीच दुसरी जागा त्याच वेळी मोजा, नाहीतर पाऊस, सण, ऊसतोड काहीही मधे येईल आणि तुम्ही पट्ट्यांना श्रेय देऊन बसाल.

गतिरोधकसुद्धा फार छान विषय आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या नियमावलीतला नेहमीचा गोल हंप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेमी उंच, 25 च्या स्पीडला आरामात पार व्हावा असा. गावातले गतिरोधक बघा, रुंदी जेमतेम अर्धा मीटर आणि उंची मात्र तीच 10 सेमी, रात्री रंग नाही, बाइकवर मागे बसलेली बाई उडून पडते. दोरी, फूटपट्टी आणि लेव्हल घेऊन तालुक्यातल्या गतिरोधकांचं प्रोफाइल काढा, त्याच्या आधी आणि नंतर स्पीड मोजा, आणि हे नुसतं लायब्ररीत ठेवू नका, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्याकडे पीडब्ल्यूडीच्या माहितीसाठी दोन पानांचं निवेदन नकाशासकट द्या. मोजलेलं घेऊन गेलेल्या माणसाचं तिथे ऐकतात, नुसती तक्रार घेऊन गेलेल्याचं फारसं नाही.

तरी मन पऱ्हाटीतच अडकलं असेल तर लॅबमध्ये जाऊन बघा, प्रेसच्या दोन्ही प्लेटा तापतात का, किती डिग्रीपर्यंत, आणि खोलीला एक्झॉस्ट आहे का. दोन्ही असतील तर इथेच कमेंटमध्ये लिहा, मी साठवणीच्या प्रयोगाचा आराखडा करून देतो, पण मग यंदाची पऱ्हाटी उपटायच्या आत घरच्यांना सांगून दोन एकराची बाजूला ठेवायला लागेल, पेटवली की वर्ष गेलं.