लाइनमन बघताना बॉल विसर

अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे बॉल फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला समोरच्यांपासून वाचवणारा गडी. एनएफएल या व्यावसायिक लीगसाठी त्याला जोखताना हायलाइट्सवरून मत बनवू नकोस. तिथे फक्त त्याने लोळवलेले गडीच दिसतात. कॉलेजचा पूर्ण सामना लाव, बॉल कुठे जातोय ते सोड आणि एकट्या टॅकलवर, म्हणजे लाइनच्या टोकाच्या लाइनमनवर, नजर ठेव. थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, लांबचा पल्ला बाकी असला की पास येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. खरा कस तिथे लागतो. स्नॅपनंतर (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाल्यावर) मागे सरकताना पाय एकमेकांत अडकतात का? क्वार्टरबॅकवर धावून येणारा रशर छातीवर आदळला की गडी कंबरेतून वाकतो, की गुडघे वाकवून भार झेलतो? कंबरेतून वाकणारा एनएफएलमध्ये मार खातो. ताकद जिममध्ये वाढवता येते, पायांची चपळाई फारशी नाही.

समोर कोण होतं तेही बघ. नॉर्थवेस्टर्नचा टॅकल रशॉन स्लेटर याचा २०१९ चा नॉर्थवेस्टर्न-ओहायो स्टेट हा कॉलेज सामना काढ. समोर साक्षात चेस यंग, ओहायो स्टेटचा गाजलेला रशर! स्लेटरचे हात ३३ इंचांचे, टॅकलच्या मानाने आखूड, म्हणून त्याला गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) करा असं बरेच जण म्हणत होते. चार्जर्स या एनएफएल संघानं २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) त्याला १३ व्या क्रमांकावर घेऊन लेफ्ट टॅकललाच खेळवलं आणि पहिल्याच वर्षी तो प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या मानासाठी, निवडला गेला. मोजमापं बघ, पण व्हिडिओ बघून झाल्यावर.