गोल्फ कोर्ससाठी उताराची जमीन घ्यावी की सपाट?

तुम्ही विचारलंय की नाशिकजवळ नऊ होलच्या कोर्ससाठी (होल म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, म्हणजे टीपासून, चेंडू घालायच्या खळीपर्यंतची एक पट्टी) त्र्यंबकच्या अंगाची डोंगरउताराची जागा बरी की निफाडकडची सपाट, आणि फेअरवे, म्हणजे टी आणि खळीमधला कापलेल्या गवताचा पट्टा, उंचसखल असला तर खेळ बिघडत नाही का. माझा धंदा जमिनीच्या लेव्हल काढायचा आणि गोल्फ हौसेपुरता, तेव्हा उत्तर त्याच अंगाने देतो. (आपल्या नाशकात रिक्षात बसून ‘गोल्फ क्लब’ म्हटलं तर अनंत कान्हेरे मैदानावर सोडतात. तिथे गोल्फ सोडून रणजीचे सामने होतात, ते असो.)

उतार हवाच. प्रश्न किती आणि कुठल्या दिशेने एवढाच आहे.

नकाशावर फेअरवे ४० यार्ड रुंद दाखवलाय असं धरा. तो डावीकडून उजवीकडे उतरता आहे आणि जमीन टणक आहे. मग बरोबर मधोमध पडलेला चेंडूही घरंगळत उजव्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, जातो. चेंडू फेअरवेवर राहायचा तर तो डाव्या कडेच्या १५ यार्डांच्या पट्टीतच टाकायला लागतो. म्हणजे ४० यार्डांचे पैसे घातले, पाणी घातलं, गवत कापलं आणि खेळायला १५ यार्ड मिळाले. नवशिक्या खेळाडू इथेच वैतागतो, कारण चांगला मारूनही त्याला शिक्षा झालेली असते. आडवा उतार असेल तिथे फेअरवे रुंद ठेवावा, नाहीतर खालच्या कडेला हलकासा उंचवटा देऊन चेंडू अडवावा.

वळणाचं होल, म्हणजे डॉगलेग, असेल तर उताराची दिशा आणखी महत्त्वाची. कसारा घाटात वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो म्हणून गाडी बाहेर फेकली जात नाही, चेंडूचंही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर मात्र काही होलना उलटा कल आहे. चौथं होल डावीकडे वळतं आणि फेअरवे उतरतो उजवीकडे. २०१२ ची गोल्फची यूएस ओपन तिथे झाली तेव्हा जगातले उत्तमोत्तम खेळाडू फेअरवेवर चेंडू टिकवताना मेटाकुटीला आले. स्पर्धेपुरतं हे ठीक, पण रविवारी सकाळी पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या सभासदाला असलं होल देऊ नका.

चेंडू थांबल्यानंतरही उताराचं काम संपत नाही. उजव्या हाताच्या खेळाडूला चेंडू पायांपेक्षा वर असेल तर फटका डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे जातो. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचं तेरावं होल याच एका गोष्टीवर उभं आहे. फेअरवे उजवीकडून डावीकडे कललेला, चेंडू पायांच्या वर, आणि फेअरवेच्या डाव्या कडेने व ग्रीनच्या (खळीभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढून ओहोळ. दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा मोह होतो, पण जमीन चेंडूला पाण्याकडेच ढकलायला बसलेली असते. फेअरवेवर एकही बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, न खोदता साधलेली ही करामत मला सगळ्यात आवडते.

लांबीचाही हिशेब बदलतो. हवाईतल्या कपालुआच्या प्लांटेशन कोर्सवर २०१८ मध्ये डस्टिन जॉन्सनने ४३३ यार्डांच्या बाराव्या होलवर टीवरून मारलेला चेंडू खळीपासून काही इंचांवर थांबला. मनगटातली ताकद होतीच, पण बरंचसं काम उताराने केलं. याची दुसरी बाजू क्वचितच कुणी बघतं. टीपासून २०० यार्डांवर चढाचा माथा असेल, तर २३० मारणाऱ्याचा चेंडू माथा ओलांडून पुढे पळतो आणि १७० मारणाऱ्याचा चढावर आदळून जागीच बसतो. साठ यार्डांचा फरक शंभरावर जातो. ज्येष्ठ आणि नवशिके खेळाडू धरून ठेवायचे असतील तर त्यांच्या टी पुढे सरकवा, म्हणजे त्यांनाही उताराचा वाटा मिळेल.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. निफाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे भराव टाकून उंचवटे केले तर दोन-तीन वर्षांत आकार बदलतात, त्यामुळे खाली मुरूम आणि वर वाळूचा थर घालण्यात पैसा जातो. शिवाय पाणी आपोआप निघून जायला फेअरवेला १०० मीटरला निदान २ मीटर उतार लागतो, तो सपाट जागेत विकत घ्यावा लागतो. त्र्यंबकच्या बाजूला उतार फुकट मिळतो, पण मातीचा थर पातळ आणि खाली काळा दगड. तिथे कोर्स जमिनीच्या कलाने बसवायचा, ब्रेकर लावून डोंगर सपाट करत बसायचं नाही. गवताची काळजी नको. कोर्सवरचं बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, फक्त निवडक जातीची.

मोठा फरक पावसाचा. त्र्यंबकला तो धो धो पडतो, निफाडला त्याच्या अगदी थोडा. एकाच उतारावर जुलैत चेंडू पडेल तिथे रुततो आणि मार्चमध्ये तीस यार्ड पळतो. फेअरवेवरचे खोलगट भाग तर दुहेरी डोकेदुखी. पाणी तिथेच साचतं, चेंडूही तिथेच गोळा होतात, आणि सगळे त्याच जागेवरून मारत असल्यामुळे तिथलं गवत उखडतं. म्हणून चेंडू पडण्याच्या टप्प्यात खोलगट भाग ठेवायचाच असेल तर पसरट ठेवा आणि खालून पाण्याला वाट द्या.

माझं मत त्र्यंबकच्या बाजूला आहे, पण एका अटीवर. आधी अर्ध्या मीटरच्या कंटूरचा नकाशा, म्हणजे दर अर्ध्या मीटर उंचीला रेघ दाखवणारा, करून घ्या. आडवा उतार १०० मीटरला १० मीटरच्या आत राहील अशा नऊ पट्ट्या त्यात बसतात का ते बघा. सहाच बसल्या तर सहा होलचा कोर्स करा. नऊसाठी डोंगर फोडू नका. आणि इसार देण्याआधी एकदा जुलैच्या झडीत छत्री घेऊन सगळी जागा पायी फिरा. एजंट फेब्रुवारीतच दाखवायचा आग्रह धरेल.