इंजिन उघडण्यापूर्वी: मिनिटांत दम तोडणारा ट्रॅक्टर आणि सेकंदांत थांबणारे मोअर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर दोन वर्षे शेडमध्ये उभा होता. आता बराच वेळ सेल्फ मारल्यावर तो सुरू होतो, चार-पाच मिनिटे बरा चालतो, मग आवाज खाली-वर होतो आणि तो बंद पडतो. त्याच शेडमधले पेट्रोलवरचे मोअर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, दोरी ओढताच सुरू होते, पण दहा सेकंदांत थांबते. दोन्ही इंजिने उतरवून रिंगा आणि व्हॉल्व्ह पाहावेत का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते सध्या एकही हेड बोल्ट सैल करू नये. चार मिनिटे का होईना, पण जे इंजिन नीट चालते, त्याच्या कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याच्या क्षमतेवर) पहिला संशय घेण्याचे कारण नाही. सुरू होऊन बंद पडणे हे बहुतेक वेळा इंधन तुटण्याचे लक्षण असते. म्हणून टाकीपासून निघावे आणि इंधन कोठपर्यंत पोहोचते ते एकेक टप्प्याने पाहत जावे. सुटा भाग विकत घेण्याची वेळ त्यानंतर येते.

दोन्ही यंत्रांवर करायची पहिली तपासणी एकच आहे आणि तिला पानाही लागत नाही. टाकीच्या झाकणात हवा आत घेणारे बारीक छिद्र असते. ते धुळीने किंवा गंजाने बुजले की इंधन उपसले जाईल तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पुरवठा थांबतो. यंत्र बंद पडू लागताच झाकण सैल करून पाहावे. आत ‘सुस्स’ असा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दोष झाकणात आहे. ते धुऊन, छिद्र मोकळे करून परत बसवले की काम झाले.

ट्रॅक्टर पुन्हा सुरू करण्याआधी मात्र एक गोष्ट पाहावी. बहुतेक जुनी डिझेल इंजिने किल्ली फिरवून बंद होत नाहीत. त्यांना ओढायचा स्टॉपचा दांडा असतो आणि तो डिझेल पंपातला (नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपातला) पुरवठा तोडतो. दीर्घ काळ उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये ही यंत्रणा आतून चिकटलेली असू शकते. ती पूर्ण पुरवठ्याच्या स्थितीत अडकली, तर इंजिन सुरू होताच सुसाट फिरते आणि दांडा ओढूनही थांबत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी दांडा मोकळा हलतो का ते पाहावे आणि इंजिन जेथून हवा आत ओढते त्या तोंडावर दाबून धरता येईल अशी एक जाड लाकडी फळी हाताशी ठेवावी. त्या तोंडाशी हाताचा तळवा कधीही नेऊ नये. एअर क्लीनर उघडून त्यात उंदरांनी घरटे केलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे. हे मी विनोदाने लिहीत नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. आपण वर्णन केलेले लक्षण म्हणजे ‘एअर पकडणे’ (डिझेलच्या वाटेत हवा शिरणे) असू शकते किंवा टाकीतून डिझेल पुरेसे न येणे असू शकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि येथेच लोक नको ते भाग बदलतात. मीही बदलले आहेत. माझ्या एका ट्रॅक्टरला हेच दुखणे होते आणि मी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) तपासून आणले, दोन्ही फिल्टर बदलले, फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपाची) नवी जोडणी बसवली, तरी ट्रॅक्टर सहाव्या मिनिटाला बंद. शेवटी दोष निघाला टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीत, क्लॅम्पखाली पडलेल्या केसाएवढ्या चिरेत. तेथे डिझेलचा एक थेंबही गळत नव्हता, कारण पंप ओढू लागला की त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते. गळती दिसत नाही म्हणून नळी चांगली, असे पंपाच्या ओढीच्या बाजूला कधीच समजू नये.

हे ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी तात्पुरती जोडावी आणि इंजिन चालू ठेवून तिच्याकडे पाहत राहावे. बुडबुड्यांची माळ दिसली, तर त्या नळीच्या मागे, टाकीच्या बाजूला, कोठेतरी हवा शिरते आहे: सांधा, वॉशर, नळी किंवा खाली बसलेल्या गाळाच्या वाटीचे गॅस्केट. बुडबुडे नाहीत पण इंजिन बंद पडतेच, तर नळी सोडवून खाली भांडे धरावे. टाकी वर असेल, तर धार अखंड आणि पेन्सिलीएवढी जाड पडली पाहिजे. सुरुवातीला जाड असलेली धार मिनिटभरात दोऱ्यासारखी बारीक होत असेल, तर टाकीच्या तोंडाशी गाळ किंवा गंजाचे पापुद्रे येऊन बसत आहेत. अशा वेळी टाकी उतरवून धुणे भाग आहे. फुंकर मारून गाळ मागे ढकलला, तर तो आठवड्याने परत येतो.

दोष दूर केल्यावर हवा काढण्याचे काम क्रमानेच करावे लागते. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन फेरे सैल करून फीड पंपाचा हाताचा दांडा मारावा. सुरुवातीला फेस येतो, मग फेस आणि डिझेल आलटून पालटून येते आणि शेवटी काचेसारखी स्वच्छ धार लागते. ती चालू असतानाच स्क्रू आवळावा. दांडा हाताला अगदी पोकळ लागला, तर पंप बिघडला असा निष्कर्ष काढू नये. आतला कॅम (पंप हलवणारा फिरता उंचवटा) नेमका उंचावर थांबला असेल, तर दांड्याला काम उरत नाही. अशा वेळी इंजिन एक फेरा फिरवले की दांडा पुन्हा जड लागतो. त्यानंतर डिझेल पंपावरचा स्क्रू याच रीतीने मोकळा करून आवळावा. सर्वांत शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी, स्टॉपचा दांडा आत ढकलावा, हाताचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडावा आणि सेल्फ मारावा. नटांपाशी थेंब उसळू लागले की ते आवळावेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर तरी त्याला थंड होऊ द्यावे.

एक इशारा येथेच देतो. नोझलमधून डिझेल शेकडो पट वातावरणीय दाबाने सुटते आणि ती धार त्वचा भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची निकड असते. गळती शोधायला बोट नव्हे, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

बॅंजो बोल्टांखालची (डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांखालची) तांब्याची वॉशरे शक्यतो नवीच घालावीत. ती हाताशी नसतील, तर जुनी वॉशरे लाल होईपर्यंत तापवून थंड केली असता तांबे पुन्हा मऊ होते आणि एखाद्या वेळेपुरते काम निभावते.

‘बराच वेळ सेल्फ मारावा लागतो’ या तक्रारीत हवेइतकाच विजेचाही हात असू शकतो, कारण डिझेल इंजिन पुरेशा वेगाने फिरले नाही, तर सिलिंडरमधली हवा पेट घेण्याइतकी तापत नाही. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास स्थिर ठेवल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी दुबळी समजावी. मात्र बॅटरी बदलण्यापूर्वी मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर टेकवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले, तर अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. तीच तपासणी धन खांब आणि सेल्फचा टर्मिनल यांच्यामध्येही करावी. बॅटरी सोडवताना अर्थिंगची वायर आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. जुन्या ट्रॅक्टरांत धन बाजू अर्थ केलेली असू शकते (१९४७ ते १९५२ या काळातला फोर्ड ८एन हा तर ६ व्होल्टचा आणि धन अर्थिंगचा होता), त्यामुळे वायरींच्या रंगावर विसंबून राहू नये.

आणि कितीही घाई असली, तरी जमिनीवर उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल जोडून ट्रॅक्टर सुरू करू नये. असे केल्याने सुरक्षेचा स्विच टाळला जातो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर मागचे चाक सुरू करणाऱ्याच्याच अंगावरून जाते. हा अपघात अनुभवी माणसांच्याही वाट्याला येतो, कारण ही युक्ती त्यांना ठाऊक असते.

मोअरचे दुखणे त्यामानाने लहान आहे. झाकण निर्दोष असेल, तर कार्ब्युरेटरकडे जावे. उभ्या राहिलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मागे उरलेला चिकट थर जेटचे (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीचे) छिद्र बुजवतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल, तर ते हवेतली ओलही ओढून घेते. दोरी ओढल्यावर चोक किंवा प्रायमरमुळे आधीच आत गेलेल्या पेट्रोलवर इंजिन दहा सेकंद चालते आणि पुढचे पेट्रोल येत नाही म्हणून थांबते. आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

प्रथम प्लगची टोपी काढून बाजूला बांधावी, कारण पाते हाताने फिरवले तरी इंजिन झटका देऊ शकते. जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. कार्ब्युरेटरच्या खालची वाटी एका बोल्टने धरलेली असते आणि काही कार्ब्युरेटरांत तो बोल्टच मेन जेट असतो. त्याच्या मधले आणि बाजूचे छिद्र उजेडासमोर धरून पाहावे. पलीकडचा प्रकाश गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार ओवून, कार्ब्युरेटर क्लीनर मारून ते मोकळे करावे. स्टीलची सुई किंवा ड्रिल घालू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले, तरी इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते. गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सोडवण्यापूर्वी त्या कोणत्या छिद्रात होत्या याचा फोटो काढावा. चुकीच्या छिद्रात बसलेल्या स्प्रिंगमुळे इंजिन मर्यादेपलीकडे फिरते.

पाते दगडावर आपटल्याचे आठवत असेल, तर मात्र फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील क्रँकवर नेमक्या जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा) पाहावी. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, जेणेकरून धक्क्यात ती कापली जावी आणि क्रँक वाचावा. ती अर्धवट कापली गेली, की स्पार्क चुकीच्या क्षणी पडतो आणि दोरी हातातून हिसकली जाते. चावी बदलून फ्लायव्हील परत बसवताना कॉइल आणि चुंबक यांच्यातले अंतर साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर ठेवावे. माहितीपुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. मोअर कलते करताना एअर फिल्टरची बाजू नेहमी वर ठेवावी, अन्यथा इंजिनचे ऑईल फिल्टरमध्ये उतरते आणि नवीनच दुखणे सुरू होते. पात्याला धार लावल्यावर त्याचे मधले छिद्र भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून पाहावे. जी बाजू खाली झुकेल ती थोडी आणखी घासावी. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला दुमडते.

घरी काय करू नये, हेही आपण विचारले आहे. डिझेल पंप आतून उघडू नये. प्रत्येक सिलिंडरला समान डिझेल मिळते की नाही हे चाचणी यंत्रावरच कळते. नोझलचा दाबही तेथेच लावून घ्यावा. क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दुभंगण्याचे काम योग्य आधारांशिवाय करू नये. चाक काढताना जॅकवर भिस्त न ठेवता जाड लाकडी ठोकळे द्यावेत, आणि हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये. इंजिन उघडावेच लागेल अशी लक्षणे वेगळी आहेत: डिपस्टिकवर दुधाळ ऑईल, इंजिन तापल्यावरही न थांबणारा निळा धूर, किंवा रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे. ऑईलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा फाटलेला पडदा आधी पाहावा.

पारदर्शक नळी लावून ट्रॅक्टर बंद पडेपर्यंत चालवावा. बुडबुडे दिसले का, सेल्फ मारताना बॅटरीने किती व्होल्ट दाखवले, आणि बंद पडण्याच्या क्षणी धूर कोणत्या रंगाचा होता, या तीन गोष्टी कळवल्यास पुढचे पाऊल नेमके सांगता येईल.