ज्यांना पाहायला गेलो, त्या आल्याच नाहीत

प्रश्न : ताई, माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. एका अभिनेत्रीची ती गेली तीस वर्षं चाहती आहे. त्या एका मोठ्या संगीतिकेत मुख्य भूमिका करणार असं कळलं आणि मी चार महिने आधी तिकिटं काढली, पुढून सहावी रांग. त्या दिवशी आईने सकाळीच ठेवणीतले कपडे काढून ठेवले होते. नाट्यगृहात शिरलो तर दाराशी फलक, आजच्या प्रयोगात ही भूमिका दुसऱ्या कलाकार करतील. माहितीपत्रकातही तशी चिठ्ठी घातलेली. पडदा उघडण्याआधी पुन्हा घोषणा झाली तेव्हा अख्ख्या सभागृहातून ‘अरेरे’ असा आवाज निघाला. त्यात माझाही होता. आई काही बोलली नाही, मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिली. माझं अर्धं नाटक चिडण्यातच गेलं आणि शेवटी मी टाळ्याही वाजवल्या नाहीत. घरी येताना आई म्हणाली, “पोरगी छान गात होती गं.” तेव्हापासून दोन गोष्टी मनात घोळतायत. ही आमची फसवणूक नाही का? आमचे पैसे परत मिळायला नकोत का? आणि मी त्या मुलीशी वाईट वागले का?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या ‘अरेरे’च्या पलीकडे, पडद्यामागे मी उभी राहिलेली आहे. नऊ वर्षं मी बदली कलाकार होते. नाटकवाले ज्याला अंडरस्टडी म्हणतात, ते काम. रोज समूहात नाचायचं-गायचं, शिवाय नायिकेची भूमिका शब्दन् शब्द पाठ ठेवायची. नऊ वर्षांत मला ती अकरा वेळा करायला मिळाली. म्हणून मी तटस्थपणे उत्तर देईन अशी अपेक्षा ठेवू नका. पण तुमची बाजू मला कळत नाही असंही नाही.

आधी पैशांचं. तुम्ही नाटकाचं तिकीट काढलं होतं, पण मनातून ते त्या बाईंचं तिकीट होतं, आणि जाहिरातही त्यांच्याच चेहऱ्यावर केली होती. अशा वेळी पैसे परत मागणं यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, यासाठी एक सरळ पद्धत रूढ आहे. ज्या कलाकाराचं नाव नाटकाच्या नावाच्याही वर छापलेलं असतं, तो त्या दिवशी नसेल तर पैसे परत किंवा दुसऱ्या तारखेचं तिकीट मागता येतं. नाव खाली असेल तर तो हक्क सहसा मिळत नाही. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये कलाकार बदलू शकतात हे बहुतेक वेळा तिकिटाच्या अटींतच लिहिलेलं असतं आणि पैसे मिळतीलच याची खात्री नसते. कुठेही असा, मागायचं ते नाटक सुरू होण्याआधी. फलक दिसला की तडक तिकीटखिडकी गाठायची. पहिला अंक बघून मग वाद घातला तर कोणी ऐकत नाही, आणि माझ्या मते ऐकूही नये.

फसवणूक झाली का, हे नट कधी आजारी पडला त्यावर अवलंबून आहे. रजा आधीपासून ठरलेली असेल आणि ती लपवून तिकिटं विकली असतील, तर ती फसवणूकच, आणि त्याबद्दल निर्मात्याला खरमरीत पत्र लिहा. पण दुपारी चारला गळा बसला असेल तर कोणी काय करायचं? मोठ्या संगीतिकेत आठवड्याला आठ प्रयोग असतात. सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर देऊन गायलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो, मग महिनोन् महिने आवाज बंद. ‘नखरे असतील’ असं प्रेक्षागृहात कुजबुजताना मी ऐकलंय. मी मात्र त्याच नायिकेला वाफारा घेत, खुणांनी बोलत, रडत बसलेली पाहिलीय. इतक्या उशिरा का कळवतात, असंही लोक विचारतात. नटांनी प्रयोगाआधी साधारण अर्धा तास हजेरी द्यायची असते, आणि तोवर ‘जमेल, जमेल’ अशी आशा चाललेली असते. म्हणून चिठ्ठ्या ऐनवेळी छापल्या जातात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं.

माझी पहिली वेळ सांगते. प्रयोगाला दोन तास असताना मला कळलं. नायिका माझ्यापेक्षा चार बोटं उंच. तिची चोळी माझ्या पाठीवर ढगळ होत होती. आमच्या वेशभूषेच्या बाई तोंडात दोरा धरून माझ्या अंगावरच टाके घालत होत्या आणि मी टोपाच्या पिना लावून घेता घेता दुसऱ्या अंकाचे संवाद पुटपुटत होते. तिचे बूट मोठे होते म्हणून पुढे कापूस कोंबला. बाईंनी शेवटचा टाका दाताने तोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी पडद्यामागे माझ्या जागी येऊन उभी राहिले आणि घोषणा झाली. तो आवाज सभागृहात ऐकला तर लहानसा वाटतो. पडद्याच्या आतून तो वेगळा येतो, आठशे माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा. माझ्या शेजारी नायक उभा होता. त्याने काही न बोलता माझी करंगळी दाबली.

त्या नायकाबरोबर मी ते प्रवेश त्याआधी कधीच केलेले नव्हते, हे प्रेक्षकांना माहीत नसतं. नाटक एकदा सुरू झालं की बदली कलाकारांच्या तालमी बहुतेक रंगमंच व्यवस्थापक दुपारी घेतो, एका पेटीवर किंवा पियानोवर, घरच्या कपड्यांत. समोर नायकही बदलीच असतो. खरा नायक, पूर्ण वाद्यवृंद, खरे दिवे, हे सगळं पहिल्यांदा भेटतं ते तुमच्यासमोर. दिवे नायिकेच्या उंचीला धरून लावलेले असतात, अर्धं पाऊल चुकलं की चेहरा अंधारात. त्या दिवशी पहिल्या गाण्यात उजेड माझ्या कपाळावर पडतोय हे मला त्याच्या उबेवरून कळलं. हळूच हनुवटी वर केली आणि उरलेलं कडवं तशीच गायले.

हसणंही जागा बदलतं. नायिका ज्या वाक्याला हशा घ्यायची, तिथे माझ्या वेळी सभागृह शांत. नायक सवयीने थांबला, हशा आलाच नाही, त्याचं पुढचं वाक्य अडखळलं. दोन वाक्यांनंतर, जिथे कधीच कोणी हसलं नव्हतं तिथे हशा आला. तेव्हा मला समजलं की मी तिची नक्कल करत नाहीये, आणि करूनही चालणार नाही. जागा, हालचाली, संवाद सगळं तिचं ठेवायचं, कारण बाकीच्यांचं काम त्यावर टेकलेलं असतं, पण आवाजाचा पोत आणि श्वास आपलाच येतो.

एक बाई गैरहजर असली की एकच जागा हलत नाही. मी नायिका झाले म्हणजे समूहातली माझी जागा रिकामी, ती भरायला स्विंग धावणार. स्विंग म्हणजे समूहातल्या अनेकांच्या जागा पाठ असलेला माणूस. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. आज डावीकडून तिसरी, उद्या उजवीकडून दुसरी, त्याच नाचात आरशासारखं उलटं. त्यांचं नाव बहुतेक वेळा चिठ्ठीवरच असतं आणि ती चिठ्ठी खुर्चीखाली पडलेली असते. स्टँडबाय म्हणजे रोजच्या प्रयोगात नसलेला, पण हाकेच्या अंतरावर थांबलेला कलाकार. आल्टर्नेट म्हणजे आठवड्यातले ठरलेले प्रयोग ज्याचेच असतात असा. १९७९ साली ब्रॉडवेवर ‘एविटा’ आलं तेव्हा मुख्य भूमिका पॅटी लुपोन करत होत्या, पण आठवड्यातले दोन प्रयोग टेरी क्लॉसनर यांचे होते, कारण ती भूमिका आठही वेळा गाणं गळ्याला झेपणारं नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी त्या दिवशी कोण आहे हे जरूर विचारा.

अशा पत्राला उत्तर देताना पुढे हॉलिवूडच्या तारका झालेल्या शर्ली मॅक्लेन यांची गोष्ट सांगायची प्रथा आहे. १९५४ साली ‘द पजामा गेम’मध्ये कॅरल हेनी यांचा घोटा दुखावला, समूहातल्या या मुलीला पुढे ढकललं, चित्रपट निर्माते हॅल वॉलिस यांनी तिला पाहिलं आणि ती हॉलिवूडला गेली. गोष्ट खरी आहे. पण ती सारखी सांगणं मला पटत नाही. तिच्यामुळे प्रेक्षकाच्या मनात एक सौदा बसतो. आमची तारका दिली नाहीत, तर निदान नवी तारका शोधून काढल्याचं समाधान तरी द्या. बदली कलाकार तसं काही देणं लागत नाही. माझ्या अकरा प्रयोगांत मला कोणी शोधून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा समूहात, डावीकडून चौथी. त्या अकरा संध्याकाळी नाटक पूर्ण झालं, शेवटपर्यंत, आणि माझं काम तेच होतं.

मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०२१, साथीचे दिवस, ब्रॉडवेवर ‘द म्युझिक मॅन’. नायिका सटन फॉस्टर आजारी पडल्या. कॅथी व्हॉइटको या स्विंग कलाकाराला दुपारी बाराला कळलं, एक वाजता त्या भूमिकेत त्यांची पहिली तालीम झाली आणि रात्री प्रयोग. अभिवादनाच्या वेळी नायक ह्यू जॅकमन यांनी प्रेक्षकांना थांबवून त्यांना पुढे आणलं आणि सगळ्या बदली कलाकारांबद्दल तिथेच बोलले. त्याची ध्वनिचित्रफीत जगभर फिरली. मी ती पाहताना रडले. कोणीतरी ते प्रेक्षकांना तोंडावर सांगायला हवं होतं.

तुम्ही वाईट वागलात का? निराश झालात यात वाईट काही नाही. आईसाठी चार महिने जपलेली संध्याकाळ होती, ती निराशा खोटी कशी ठरेल? तो आवाजही तोंडातून आपोआप निघतो, त्याला मी दोष देत नाही. टाळ्यांचं मात्र स्पष्ट सांगते, त्या वाजवायला हव्या होत्या. तुमचा राग फलक लावणाऱ्यांवर होता आणि शिक्षा झाली ती त्या दिवशी सर्वांत जास्त काम केलेल्या मुलीला. माहितीपत्रकातली चिठ्ठी अजून असेल तर तिच्यावर तिचं नाव आहे. नाट्यगृहाच्या पत्त्यावर तिला दोन ओळी पाठवा. आईचं वाक्य जसंच्या तसं लिहा, ‘पोरगी छान गात होती’. मला तसं एकच पत्र आलं होतं, एका शाळकरी मुलाचं. ते माझ्याकडे अजून आहे.

आणि त्या अभिनेत्री परतल्या असतील तर आईला पुन्हा घेऊन जा. तिची तीस वर्षांची इच्छा आहे, ती राहू देऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीची एका नाटकात समूहासाठी आणि मुख्य भूमिकेच्या अंडरस्टडीसाठी निवड झाली आहे. नातेवाईक विचारतात, “मग ती दिसणार कधी?” काय उत्तर द्यावं कळत नाही. तिलाही थोडं कमीपणाचं वाटतंय.

उत्तर : ‘रोज दिसणार’ हे उत्तर द्या, कारण ते खरं आहे. समूहात ती रोज आहे. नातेवाईकांना मुख्य भूमिकेची वाट पाहायला लावू नका, येत्या आठवड्यातच बोलवा. मुख्य भूमिकेची वेळ येईल तेव्हा दोन-तीन तासांचीच पूर्वसूचना मिळेल आणि तुमच्यापैकी एखाद-दुसराच पोहोचू शकेल. त्या दिवशी तिला फोन करू नका. तिला एकटीला शांतपणे पुटपुटत बसू द्या.

कमीपणाचं म्हणाल तर तिला एवढंच विचारा की दुसऱ्या कोणाची भूमिका, तिच्या श्वासांच्या जागांसकट पाठ करून, ती उद्या मिळेल की कधीच नाही हे माहीत नसताना रोज ताजी ठेवायला किती माणसं तयार होतील. आणि तिला पहिल्या दिवसापासून वही करायला सांगा. नायिका कुठून येते, कोणत्या शब्दावर वळते, पेला कोणत्या हातात, कोणत्या ओळीला दिवा बदलतो, सगळं. विंगेत उभं राहून रोज थोडं. माझी वही चार रंगांच्या शाईची होती. काळ्याने संवाद, लालने हालचाली, हिरव्याने वस्तू, निळ्याने दिवे. दुसऱ्या अंकाच्या पानावर घामाने निळी शाई पसरली आहे, पण वाचता येतं. मुलीला जाड पुठ्ठ्याची घेऊन द्या, पातळ वही विंगेत टिकत नाही.