स्टार्ट मेनूचा सर्च बंद पडलाय, सिस्टम कॉन्फिगरेशन कसं उघडू?

तुमचा विंडोज 10 चा लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ घेतो, कुणीतरी सिस्टम कॉन्फिगरेशन (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायची चौकट) उघडायला सांगितलंय आणि स्टार्टचा सर्च नेमका चालत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सर्चची गरजच नाही. कीबोर्डवरची खिडकीच्या चित्राची की दाबून धरा आणि आर दाबा. डावीकडे खाली छोटी 'रन' चौकट येईल. तिथे एमएसकॉन्फिग टाइप करून एंटर मारा. इंग्रजी अक्षरं अशी: एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी, मध्ये जागा सोडायची नाही. मी रोज हाच रस्ता वापरतो.

कधी कधी रनसुद्धा येत नाही, कारण टास्कबार आणि रन दोन्ही एक्सप्लोररच्या, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या जिवावर चालतात. तो अडकला की दोन्ही गप्प. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणारी खिडकी उघडते, कारण ती एक्सप्लोररवर अवलंबून नसते. त्यात फाइलमध्ये 'रन न्यू टास्क' आहे, तिथे तेच नाव टाका. फाइल मेनू दिसत नसेल तर आधी खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा.

कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) किंवा फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीतही हेच नाव टाकून चालतं. टाइप करायचंच नसेल तर कंट्रोल पॅनलच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्समध्ये ते आहे. विंडोज 11 मध्ये त्या जागेला 'विंडोज टूल्स' म्हणतात.

पण तुमचं काम बहुधा टास्क मॅनेजरमध्येच होईल. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची यादी विंडोज 8 पासून तिथल्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये गेलीय. सिस्टम कॉन्फिगरेशनमधला त्याच नावाचा टॅब आता फक्त तिकडे जायची लिंक दाखवतो. आधी टास्क मॅनेजरच्या यादीतलं नको ते 'डिसेबल' करा. त्यानंतरही फरक पडला नाही तरच सिस्टम कॉन्फिगरेशनमधल्या 'सर्व्हिसेस' टॅबकडे वळा, आणि तिथे 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक केल्याशिवाय एकही खूण काढू नका. नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद होतील.

तिथल्याच 'बूट' टॅबला मात्र उगाच हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या मामेबहिणीने तिथल्या 'सेफ बूट'वर टिक केली. तिला वाटलं, सेफ मोड (फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू होणारं विंडोज) एकदाच येईल. पण ती टिक काढेपर्यंत लॅपटॉप दरवेळी सेफ मोडमध्येच सुरू होतो. त्यात सेफ मोडमध्ये तिचा पिन चालेना, पासवर्ड तर तिने कित्येक महिन्यांत टाकला नव्हता. रात्री अकराला तिचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. दुसऱ्या दिवशी तिला प्रेझेंटेशन द्यायचं होतं. शेवटी जुन्या वहीत पासवर्ड सापडला, ती आत गेली, आणि तिने रनमधूनच सिस्टम कॉन्फिगरेशन उघडून टिक काढली.

म्हणून तुम्हाला कधी सेफ बूट लागलंच, तर आधी खात्याचा पासवर्ड टाकून लॉगिन होतंय का ते बघा. 'बूट'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये प्रोसेसरांची संख्या आणि कमाल मेमरी ठरवायच्या जागाही दिसतील. तिथे मोठा आकडा टाकल्याने वेग वाढत नाही, कारण त्या जागा मर्यादा घालण्यासाठी आहेत. दोन्ही कोऱ्याच ठेवा.

स्टार्टअपच्या यादीत कोणती नावं दिसतात ते इथे लिहा. कोणतं बंद केलं तर चालेल, ते एकेक बघून सांगतो.