पाणी येण्याआधीची यादी

(गेल्या अंकात ‘पूर आणि आरोग्य’ या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे बहुतेक कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची असल्याने उत्तरेही तिथल्याच अनुभवाला धरून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. पूर-आराखड्यासाठी गावातल्या ‘जोखमीच्या कुटुंबांची’ यादी करायला आम्हाला सांगितले आहे. गावातली जाणती माणसे म्हणतात, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी वाड्यातही शिरले आणि वस्तीतही शिरले, मग वेगळी यादी हवी कशाला? दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची यादी जोडून दिली तर चालेल का?

उत्तर : पाणी सगळीकडे शिरले हे खरेच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४३ फुटांची, त्यामुळे एवढ्या पाण्यापुढे वाडा काय आणि पत्र्याची खोली काय! पण फरक पडतो तो पाणी शिरण्याआधीच्या दोन दिवसांत आणि ओसरल्यानंतरच्या दोन महिन्यांत. नदीने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडल्याचा निरोप आला, की ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे आणि जयसिंगपूर-मिरजेकडे ज्याचे पाहुणे आहेत, तो धान्याची पोती माळ्यावर टाकून, जनावरे हलवून त्याच रात्री मोकळा होतो. रोजंदारीवर जाणारी बाई मात्र उद्याची हजेरी बुडेल म्हणून एक दिवस थांबते, सासू चालू शकत नाही म्हणून आणखी अर्धा दिवस थांबते आणि शेवटी नावेच्या रांगेत उभी राहते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली नाव उलटली, तीत बळी गेलेल्यांमध्ये स्त्रिया आणि मुले अधिक होती. गावातून शेवटी निघणारी माणसे कोण असतात, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

दारिद्र्यरेषेची यादी जोडू नका, असे मी म्हणणार नाही. ती जोडा, पण तिच्यावर थांबू नका. त्या यादीला घराचे उत्पन्न कळते, घरातले माणूस कळत नाही. पेन्शन घेणारे, दुमजली घरात एकटे राहणारे सत्तरीपुढचे जोडपे तीत नसते. नववा महिना भरत आलेली सून, क्षयरोगाच्या गोळ्या चालू असलेला तरुण, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा शेतकरी आणि भोंगा ऐकू न येणारा कर्णबधिर मुलगाही तीत नसतो. यंत्रमागावर किंवा कारखान्यात काम करणारे, भाड्याच्या खोलीत पाच-सहा जण मिळून राहणारे परप्रांतीय कामगार तर गावाच्या कोणत्याच यादीत नसतात, आणि नदी किती वेगाने चढते याचा अंदाजही त्यांना नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संकट बदलले की यादीही बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेली, म्हणजे त्या काळी प्रतिष्ठेची समजली जाणारी घरे माणसांवर कोसळली. कुडाच्या हलक्या झोपड्यांमधली माणसे त्या मानाने वाचली. पण भूकंपानंतरच्या उघड्यावरच्या दिवसांत ज्यांच्याकडे साठा नव्हता, त्यांचे हाल पुन्हा अधिकच झाले. तेव्हा पुराची यादी पुरासाठीच करा, दरडीची वेगळी करा. यादीवर फार भिस्तही ठेवू नये. २०२३ च्या जुलैत दरडीखाली गेलेली खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. पायवाटेशिवाय रस्ता नसलेल्या त्या ठाकर वाडीपर्यंत मदतीच्या पथकालाही रात्री डोंगर चढूनच जावे लागले.

यादी करण्याचे काम ग्रामपंचायतीच्या टेबलावर होत नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना सोबत घेऊन एक-एक गल्ली फिरा आणि प्रत्येक उंबऱ्यावर साधे प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता घर सोडायचे झाले, तर स्वतःच्या पायाने कोण निघू शकणार नाही? कोणते औषध एक दिवसही चुकून चालणार नाही? दिवसभर मोबाइल कोणाच्या खिशात असतो आणि तो माणूस घरात नसेल तर निरोप कोणाला मिळतो? आणि घर सोडले तर नेमके काय बुडते? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण लोक वेळेवर का निघत नाहीत याचे उत्तर त्यातच सापडते. मात्र आजारांची नोंद ग्रामसभेत वाचून दाखवू नका. क्षयरोग किंवा एचआयव्हीचे उपचार कोणाचे चालू आहेत हे उपकेंद्राच्या सिस्टरकडेच राहू द्या. तुमच्या वहीत त्या घरापुढे ‘औषध’ एवढाच शब्द पुरे.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला असतो. आई-वडील वाळवा तालुक्यात नदीकाठच्या गावात राहतात. आईला इन्सुलिन चालू आहे, वडिलांना रक्तदाबाची गोळी आहे. गेल्या दोन्ही पुरांत दोन म्हशींपायी ते अगदी शेवटपर्यंत हलले नाहीत. त्यांना कसे समजवावे आणि औषधांची काय तयारी ठेवावी?

उत्तर : औषधांचे आधी सांगते, ते सोपे आहे. जूनपासून घरात किमान पंधरा दिवस पुरेल इतका साठा जादा ठेवा. चिठ्ठीचा फोटो तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि मूळ चिठ्ठी, सुया व साखर तपासण्याचे यंत्र यांची पाणी न शिरणारी एकच पिशवी करून ती दाराजवळच्या खुंटीला लावा. वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच वाया जात नाही. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला टिकते, फक्त ती उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवावी. मोठ्या मातीच्या भांड्यात पाणी, त्यात लहान मडके आणि मडक्यात कोरड्या डबीत बाटली, ही जुनी युक्ती चांगली उपयोगी पडते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. निवारा केंद्रातले जेवण वेळेवर मिळेलच असे नाही, म्हणून इन्सुलिन टोचून जेवणाची वाट पाहू नये. ताट समोर आल्यावरच टोचावे आणि जवळ गूळ-साखर ठेवावी. वडिलांची गोळी दोन दिवस मिळाली नाही तरी ते बोलून दाखवणार नाहीत, तेव्हा फोनवर रोज तोच प्रश्न विचारा.

आता म्हशींचे. ‘जनावरांपायी जीव धोक्यात घालता का’ असे आपण शहरातून फोनवर म्हणतो, ते त्यांना पटत नाही, आणि त्यात त्यांचे फारसे चुकतेही असे मला वाटत नाही. दर दहा दिवसांनी मिळणारे दुधाचे बिल हेच त्या घराचे हातातले पैसे असतात. आईची इन्सुलिनची बाटलीही कदाचित त्यातूनच येत असेल. म्हणून आई-वडिलांना कुठे न्यायचे हे ठरवण्याआधी म्हशी कुठे न्यायच्या हे ठरवा, आणि तेही जूनमध्येच. उंचावरच्या गावातला एखादा गोठा, वैरणीचे पैसे आणि टेम्पोवाल्याचा शब्द एवढे जमवा. इशारा पातळीला म्हशी निघाल्या, की आई-वडीलही निघतील. गोठ्याची दावी कापून मोकळे सोडायची पाळी आली, तर तेवढा कोयता हाताशी असल्याची खात्री वडिलांना करू द्या.

प्रश्न : आमची शाळा दर पुरात निवारा केंद्र होते. मुख्याध्यापक म्हणून जबाबदारी माझ्यावर येते, पण आरोग्याचे प्रशिक्षण मला नाही. गेल्या वेळी सुमारे दोनशे माणसे होती आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : सर, सुरुवात संडासापासून करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांनुसार निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचे पाणी आणि तीस माणसांमागे एक संडास असावा. या हिशेबाने २० बाय २५ फुटांच्या वर्गात तेराच माणसे मावतात आणि दोनशे माणसांना सात संडास लागतात. प्रत्यक्षात एका वर्गात चाळीस माणसे आणि सगळ्या शाळेला दोन-तीन संडास असतात, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणूनच हा आकडा जूनच्या बैठकीत तहसीलदारांपुढे लेखी ठेवा, फिरती शौचालये पाणी चढल्यावर येत नाहीत.

एका निवारा केंद्रात पाहिलेले दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. दोन संडासांपैकी बायकांसाठी ठेवलेल्याला आतून कडी नव्हती. आत गेलेली बाई साडीचा पदर दाराच्या फटीतून बाहेर काढायची आणि बाहेरची बाई तो धरून उभी राहायची. पदर धरलेला आहे म्हणजे आत कोणी आहे, अशी ती खूण. संध्याकाळी खिचडी आली, तेव्हा कितीतरी जणींनी भूक नाही म्हणून ताट परत केले आणि पाणीही टाळले. त्यांना भूक होती, पण रात्री अंधारात तिकडे जायची पाळी येऊ नये म्हणून त्या उपाशी झोपल्या. त्यांत एक बाळंतीण होती. अशा जागी लघवीच्या जंतुसंसर्गाचे रुग्ण वाढले, की औषधांचा पुरवठा मागवला जातो. लागते ती एक कडी, एक बल्ब आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाची बादली.

जुलाबाचे मूळ बहुधा टँकरच्या पाण्यात किंवा ते साठवलेल्या पिंपात असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातले क्लोरीन तपासण्याचा संच असतो, त्यातले थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले नाही, तर पाणी वाटू नका. चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. ती टाकल्यावर तासभर थांबून पुन्हा तपासा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या. पोत्याचे तोंड उघडे राहून पावसाळी हवेत ओलसर झालेल्या पावडरीत फारसा दम नसतो, हेही लक्षात असू द्या. पिंपात हात बुडवून तांब्या भरण्याऐवजी तोटीचे पिंप किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. शिक्षकांपैकी एकाने रोज सकाळी वर्गनिहाय नोंद करावी : जुलाब किती, ताप किती, पाच वर्षांखालचे किती. कालच्यापेक्षा आकडा चढला, की प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करावा. गोवराची लस राहिलेली मुले कोणती, हे पहिल्याच दिवशी आशाताईंना विचारून घ्यावे.

एक नाजूक गोष्ट. कोणत्या वर्गात कोणती वस्ती, हे पूर येताच आपोआप ठरते आणि पंखा असलेला, संडासाजवळचा, कोरडा वर्ग कोणाला मिळतो हे गावाच्या जुन्या रचनेप्रमाणेच होते. वर्गांचे वाटप आपल्या हातात ठेवा. म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि अपंग यांना संडासाजवळचा वर्ग द्या, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढा. कोणी विचारलेच तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ दाखवा. मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे.

प्रश्न : पूर ओसरल्यावर माझे वडील सांगलीत दुकाने-घरांतला गाळ उपसायच्या कामाला जातात. पाय नेहमी चिरलेले असतात. लेप्टोची गोळी सगळ्यांनीच घ्यावी का? आणि आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो म्हणून आमच्याकडे पंचनाम्याला कोणी आलेच नाही.

उत्तर : गोळी सरसकट सगळ्यांसाठी नाही, तुमच्या वडिलांसारख्यांसाठी मात्र तिचा विचार नक्की करावा. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून चिखलात मिसळतात आणि कातडीच्या चिरांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत तिथे या तापाने डोके वर काढले होते. चिखलात काम चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम घेण्याचा सल्ला दिला जातो. पण गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ती चालत नाही, म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे पडू नये. ती घेतली तरी गमबूट लागतातच, आणि ते गाळ काढून घेणाऱ्या दुकानमालकाने द्यायला हवेत. पुढचा महिनाभर ताप, पोटऱ्यांत ठणका किंवा लाल डोळे दिसले तर अंगदुखीची कोणतीही गोळी दुकानातून आणून देऊ नका, डेंग्यूही तेव्हाच येत असतो आणि त्यात अशा गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चिखलात काम केल्याचे आपणहून सांगा, ते विचारतीलच असे नाही.

पंचनाम्याबद्दल : पीक बुडाल्याची भरपाई सातबारावर नाव असणाऱ्याला मिळते, पण घरात पाणी शिरून कपडे-भांडी गेली, त्याचे सानुग्रह अनुदान कुटुंबासाठी असते. २०१९ ला ते ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये होते. भाडेकरूंच्या बाबतीत अडते ते बहुधा राहत असल्याच्या पुराव्यावर. खोलीवरचे वीजबिल मालकाच्या नावावर, रेशनकार्ड मूळ गावचे आणि भाड्याची पावती कधी दिलेलीच नसते. मुलांच्या शाळेचा दाखला, गॅसची पावती, शेजारच्या दोघांचे लेखी जबाब आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, घरातले माणूस शेजारी उभे करून काढलेला फोटो, एवढे जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. रेघ पुसण्याआधी फोटो काढा. वडील दुसऱ्यांची घरे धूत असतील तोवर स्वतःची भिंत तशीच राहू द्या.